हजेरी आणि अंथरूण

आप्पांचा दुबईतला पत्ता घरात कुणालाच माहीत नव्हता. पाकिटावर आम्ही लिहायचो तो कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा नंबर. दुबईत दारोदार फिरणारा पोस्टमन नसतो. पत्रं पेटीत येऊन पडतात, आणि आप्पांच्या बाबतीत त्या पेटीची किल्ली कंपनीच्या कारकुनाकडे असायची. आईने वर्षानुवर्षं त्या नंबरावर पत्रं धाडली. आपला नवरा कुठल्या गल्लीत, कितव्या माळ्यावर, कुणाच्या शेजारी झोपतो हे तिला ना कधी लिहावं लागलं, ना कधी कळलं. आप्पा २०११ मध्ये गेले. ते जिथे जिथे झोपले त्या जागांबद्दल मला लिहायचंय. त्यांतली एक पाडली गेली, एक पाडली जातेय, आणि जी उभी आहे तिच्या फाटकातून मला कुणी आत सोडत नाही.

पहिली जागा वरळीची बीडीडी चाळ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात मुंबईत या चाळी बांधल्या, त्यांतल्या १२१ इमारती एकट्या वरळीत. मधे लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, सामाईक नळ आणि संडास. खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आजी, आप्पा-आई, दोन काका, एक काकू आणि आम्ही पोरं. शिवाय मिलमध्ये चिकटायला गावाहून, कोकणातल्या खेडहून, कुणी ना कुणी आलेलं असायचंच, त्याची वळकटी पॅसेजमध्ये. कुठल्या इमारतीत कोण राहणार हे कुठे पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण बौद्धांच्या चाळी कुठल्या आणि बाकीच्यांच्या कुठल्या हे वरळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. १९७४च्या जानेवारीत दंगल पेटली तेव्हा दगड याच हद्दीवरून इकडून तिकडे गेले.

आप्पा तेव्हा नुकती विशी ओलांडलेले, मिलमध्ये बदली कामगार. दलित पँथर १९७२ मध्ये निघाली होती आणि तिच्या सभांना ते पाळी बुडवून जायचे. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी १९६६ मध्ये ऑकलंड शहरात ब्लॅक पँथर काढली, तिच्यावरून हे नाव घेतलंय, हे त्यांनी भाषणात ऐकलं होतं. ऑकलंड कुठे आहे ते त्यांना नकाशावर दाखवता आलं नसतं. पण तिथेही माणसाची वस्ती त्याच्या कातडीवरून ठरते, त्याने कुठे राहायचं आणि कुठे नाही हे तो जन्मायच्या आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, एवढं त्यांना पक्कं समजलं होतं. आम्हाला सांगायचे, “तिथले काळे म्हणजे आपलेच. फक्त त्यांची वरळी तिकडे.”

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख माणसं मिलबाहेर आली. त्या संपाविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय, कारण पुढे दुबईत ती मला सारखी आठवत राहिली. पगार बंद झाला, वाण्याची उधारी चढली, आई डबे करून द्यायला लागली, धाकट्या काकाने भाजीची गाडी लावली. पण रात्री पाठ टेकायला खोली होती. ती मिलमालकाची नव्हती, सरकारची होती. भाडं थकलं तरी मालकाचा माणूस येऊन आमची वळकटी बाहेर फेकू शकत नव्हता. संप इतका ताणला गेला तो या छपरांच्या आणि गावाहून येणाऱ्या तांदळाच्या जोरावर. कामगार हरला, पण घरात राहून हरला.

मिल सुरू झाली तेव्हा आप्पांना परत घेतलं नाही. १९८४ मध्ये ते दुबईला गेले. मिलमधलं फिटरचं काम हातात होतं म्हणून पाइप फिटरचा व्हिसा मिळाला. एजंटाचे पैसे भरताना आईच्या कानातलं गेलं आणि आत्याने सोसायटीचं कर्ज काढलं. कोकणाला तो मुलूख तसा परका नव्हता. खेड, दापोली, मंडणगडच्या कितीतरी मुसलमान घरांतली माणसं आधीपासून आखातात होती, आणि १९६६ पर्यंत तर दुबईच्या बाजारात रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालायचा. आप्पांना वाट दाखवली तीही शेजारच्या गावातल्या अशाच एका माणसाने.

त्यांची दुसरी जागा सतवा. जुमेराच्या मागे, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, बैठ्या घरांची ती वस्ती. शिंप्यांची दुकानं, रोपवाटिका, इराण्यांच्या रोटीच्या भट्ट्या, पाकिस्तानी खानावळी. कंपनी तेव्हा लहान होती, तिचा कॅम्प नव्हता. कामगारांना राहण्याचे म्हणून थोडे पैसे मिळत आणि ज्याने त्याने आपापली जागा शोधायची. आप्पा एका जुन्या व्हिलात राहायचे. मालकाने आतल्या मोठ्या खोल्या प्लायवूडने कापून त्यांचे कप्पे केले होते. एका कप्प्यात दुमजली पलंग, दर पलंगाला दोरीवर पडदा, पलंगाखाली ट्रंक, भिंतीतल्या खिळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत कंगवा, दाढीचं सामान आणि पासपोर्टची झेरॉक्स. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. स्वयंपाकाची पाळी लागलेली. खेडचे चौघं, एक मंडणगडचा, दोन तेलुगू, आणि अंगणापलीकडच्या खोलीत पेशावरचे टॅक्सीवाले.

हे मला माहीत आहे ते कॅसेटमुळे. आप्पांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते कॅसेट पाठवायचे. आधी घसा खाकरल्याचा आवाज, मग थोडा वेळ नुसती एसीची घरघर, मग “हं, बोलतोय.” मागून कुणीतरी विचारायचं, डाळीत मीठ टाकलंस का. आप्पा बोलता बोलता त्याला उत्तर द्यायचे आणि पुन्हा आमच्याशी बोलायला लागायचे. अंगणात बोरीचं झाड आहे, बोरं आपल्यापेक्षा बारीक पण गोड आहेत, हे त्यांनी दर हिवाळ्यात सांगितलं. एका कॅसेटमध्ये चौदा एप्रिल होता. खोलीतल्या सगळ्यांनी मिळून शिरा केला होता आणि पेशावरच्या टॅक्सीवाल्यालाही वाटीभर दिला होता, त्याने कुणाचा जन्मदिवस म्हणून विचारलं तेव्हा आप्पांनी त्याला बाबासाहेब कोण ते हिंदीत समजावलं होतं. आई ती कॅसेट लावायची तेव्हा तेवढा भाग पुन्हा मागे घ्यायची.

मी २००६ मध्ये लग्न होऊन दुबईला आले. नवरा हिशेबनीस, त्याचा पगार बायकोला आणण्याइतका होता. हा नियम इथे सगळं ठरवतो. महिना चार हजार दिरहम पगार, किंवा घर कंपनीचं असेल तर तीन हजार, एवढं असेल तर बायको-मुलांना व्हिसा मिळू शकतो. आप्पा उभ्या आयुष्यात त्या रेषेच्या जवळपासही पोचले नव्हते. तीन मुलांचा बाप माणूस सरकारदरबारी आणि घरमालकांच्या तोंडी बॅचलर होता, आणि बॅचलरने कुटुंबांच्या वस्तीत राहायचं नाही, असा इथला कायदा आणि रिवाज दोन्ही. करामातल्या आमच्या इमारतीखाली दिव्याच्या खांबांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या: बेड स्पेस, फक्त मल्याळी. बेड स्पेस, फक्त फिलिपिनो मुली. फक्त कुटुंब. कुठल्या देशाचे, कुठल्या भाषेचे, हे भाड्याच्या आकड्याआधी विचारलं जायचं. मी वरळीत वाढलेली असल्याने मला ते वाचायला शिकावं लागलं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये, मी यायच्या थोडं आधी, आज ज्याला बुर्ज खलिफा म्हणतात त्या टॉवरच्या साइटवर सुमारे अडीच हजार कामगार चिडून उठले होते. पगार कमी, बसगाड्या उशिरा, अशी कारणं. गाड्या फुटल्या, कार्यालयं फुटली. नोव्हेंबरमध्ये ह्यूमन राइट्स वॉचने इथल्या बांधकाम कामगारांवर अहवाल काढला. अडवलेला पगार, काढून घेतलेले पासपोर्ट, एजंटांची कर्जं, सगळं त्यात होतं. मी आप्पांना विचारलं, तुमच्याकडेही पगार अडकतो का? म्हणाले, दोन-तीन महिने मागे असतोच. मग तुम्ही संपवाले, तुम्ही गप्प कसे? त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, “इथे संप नसतो. इथे तिकीट असतं.” युनियनला परवानगी नाही, संपाला परवानगी नाही, आणि काम गेलं की व्हिसा गेला, हे मला कळत होतं. पण आप्पा ज्याबद्दल बोलत होते ते मला पुरतं कळलं दोन वर्षांनी.

२००८ मध्ये सतव्याचा मोठा भाग पाडून तिथे जुमेरा गार्डन सिटी नावाचं नवं शहर उभं करायची योजना जाहीर झाली. किंमत ३५० अब्ज दिरहम. घरांच्या भिंतींवर आकडे रंगवले गेले. दुबईत २००२ पासून परदेशी माणसालाही ठरावीक भागांत मालकीचं घर घेता येऊ लागलं होतं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला शहर आपलं म्हणायला लागलं, आणि त्याच्यासाठी जमीन मोकळी करायची तर सतव्यासारख्या जागा मधे येत होत्या. त्याच वर्षी दुबई महापालिकेने ‘एक व्हिला, एक कुटुंब’ ही मोहीम धरली. ऑगस्टमध्ये नाइफ भागात माणसांनी ठासून भरलेल्या एका व्हिलाला आग लागली आणि अकरा माणसं मेली. आग खरी होती, धोका खरा होता, दाटीवाटी खरी होती. त्यावर उत्तर म्हणून त्या माणसांना परवडेल अशी जागा मात्र कुणी काढली नाही. त्यांना तिथून फक्त उठवलं.

आप्पांच्या घरमालकाने एका शुक्रवारी येऊन सांगितलं, महिन्याभरात खाली करा. महिना भरायच्या आधीच वीज गेली. उकाड्याचे दिवस. माणसं अंगणात बोरीखाली गाद्या टाकून झोपली. पेशावरचे दोघं शारजाला गेले, तेलुगू कुठे गेले ते आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. इतक्या वर्षांचं बिऱ्हाड दोन ट्रंकांत मावलं. मी गाडी घेऊन गेले होते. आप्पांनी पातेली वाटून टाकली, पडद्याची दोरी सोडून गुंडाळून खिशात ठेवली आणि मालकाच्या माणसाला किल्ली दिली. ते मागे वळून बघतील असं मला वाटलं होतं, पण ते ट्रंक डिकीत नीट बसतेय का ते बघत होते.

पुढे आर्थिक मंदी आली, योजना थंडावली, आणि पाडलेल्या घरांच्या जागा वर्षानुवर्षं मोकळ्या पडून राहिल्या. घरं गेली होती, बऱ्याच ठिकाणी अंगणातली झाडं तशीच उभी होती. मी तिथून जाताना आप्पांची बोर कुठली ते ओळखायचा प्रयत्न करायचे. मला ते कधीच जमलं नाही. ज्यांच्यासाठी एवढी माणसं उठवली ते तर आलेच नाहीत, याचा मला आजही राग येतो.

कंपनी आता मोठी झाली होती आणि तिने सोनापूरमध्ये कॅम्प घेतला होता. नकाशावर त्या भागाला मुहैसना म्हणतात, पण कामगारांत सोनापूरच. शारजाच्या हद्दीला लागून, अल कुसैसच्या पलीकडे, एकाला एक लागून कॅम्पच्या इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि अंगावर एकाच रंगाचे कपडे घातलेली हजारो माणसं. मी आप्पांना म्हटलं, आमच्याकडे राहा. एक खोली आहे, हॉल आहे, पोरं लहान आहेत, सगळं होईल. म्हणाले, साइटची बस पहाटे साडेचारला कॅम्पातून सुटते, करामातून नाही. हजेरी बसमध्येच लागते.

त्यांचं तेव्हाचं ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ज्याच्या हातात हजेरी, त्याच्याच हातात अंथरूण. काम सोडलं, भांडलं, आजारी पडून लांबलं, तर त्याच संध्याकाळी झोपायची जागा जाते. वरळीत मिलमालकाला जे कधीच करता आलं नाही ते इथे एका सहीने होतं. कागदावर हे कामगाराच्या सोयीचं वाटतं. २००९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मंत्रिमंडळाने कामगारांच्या निवासाचे नियम केले, त्यात माणशी किमान तीन चौरस मीटर जागा सांगितली. २०१६ मध्ये आदेश निघाला की पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने दोन हजार दिरहमपेक्षा कमी पगाराच्या माणसांची राहण्याची सोय स्वतः करावी. मी कधीतरी हिशेब केला तेव्हा दिसलं की बीडीडीच्या खोलीत आमच्या वाट्याला माणशी दोन चौरस मीटरही येत नव्हते. म्हणजे नियम पाळला तर कॅम्प आमच्या चाळीपेक्षा ऐसपैस. तरीही मला कुणी विचारलं तर मी सांगेन की आप्पांचं घर वरळीत होतं, आणि सतव्यातही होतं. कॅम्पात नव्हतं. चाळीच्या दारात कुणीही येऊ शकत होतं. आत्या न सांगता यायची, मयताला माणसं जमायची, पोरं पॅसेजमधून कुणाच्याही ताटाशी जाऊन बसायची. कॅम्पच्या फाटकावर रजिस्टर होतं आणि बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही असा हुकूम. बायकांचा तर प्रश्नच नव्हता.

२००९च्या डिसेंबरात आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली. आप्पा शुक्रवारी करामाला आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात आईसाठी अत्तराची बाटली. जेवण झाल्यावर आई म्हणाली, तुम्ही झोपता ती जागा बघायची मला. आप्पा म्हणाले, काय आहे तिथे बघण्यासारखं. ती म्हणाली, मला बघायचीय. आम्ही सोनापूरला गेलो. सुट्टीचा दिवस, रस्त्यावर माणसांची गर्दी, कुठे केस कापणं चाललंय, कुठे भाजीचा ढीग, कुणी भिंतीला टेकून फोनवर मोठमोठ्याने बोलतंय. फाटकावर युगांडाचा एक तरुण पहारेकरी होता. आप्पांनी त्याला सांगितलं, ही माझी बायको, पाच मिनिटं. तो उभा राहिला, आईला त्याने मान लववून नमस्कार केला, आणि म्हणाला, माझी नोकरी जाईल, चाचा. तोही अशाच कुठल्यातरी कॅम्पात राहत होता. त्याने आईसाठी आपली खुर्ची बाहेर आणून ठेवली.

आई बसली नाही. तिने विचारलं, खिडकी कुठली? आप्पांनी बोट दाखवलं. तीन माळ्यांची इमारत, सगळ्या खिडक्या एकसारख्या, प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा, गजांवर वाळत टाकलेले तेच निळे कपडे. आईला कळेना. आप्पा सांगायला लागले, दुसरा माळा, डावीकडून मोज, जिन्याच्या पुढची. आईने बोटाने मोजलं, चुकली, पुन्हा मोजलं. “ती हिरवा टॉवेल आहे ती?” आप्पा म्हणाले, “टॉवेल शेजारच्याचा. पण तीच.” आई तिच्याकडे बघत राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “उजेड येतो ना सकाळचा?” आप्पा म्हणाले, सकाळी मी नसतोच.

माझ्या नवऱ्याने गाडी सुरू केली तरी आईने काच वर केली नव्हती.

आप्पा गेल्यावर मी कामगारांच्या घरांविषयी हाती लागेल ते वाचत सुटले, आणि आप्पांची अमेरिका मला तिथे भेटली. शिकागोशेजारी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने आपल्या कामगारांसाठी अख्खं गाव बांधलं होतं. मंदीत कंपनीने पगार कापले आणि घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. त्यातून १८९४ मध्ये मोठा संप पेटला, आणि १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ती घरं विकायला लावली. त्याच कंपनीच्या शयनडब्यांत प्रवाशांची अंथरुणं घालायला काळी माणसं होती, पण त्या गावात त्यांना घर नव्हतं. पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले. जिथे काळे राहतात ते भाग बहुधा लाल. लाल भागात कर्ज देणं धोक्याचं. घराला कर्ज नाही, म्हणून घर जुनं होत जातं. घर जुनं, म्हणून दुकान येत नाही, शाळेला पैसा मिळत नाही. आणि मग तीच वस्ती गलिच्छ म्हणून पाडायला काढतात. हा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा यायला १९६८ उजाडावं लागलं. दुबईत असा लाल रंग कुणी मारला नाही. इथे पगाराचा आकडा, पासपोर्टचा देश आणि कंपनीचा कॅम्प या तिन्हींनी मिळून तेच काम होतं, आणि मला ते जास्त भीतीदायक वाटतं, कारण कोर्टात न्यायला हातात नकाशाही नाही.

फाटकावरचा तो युगांडाचा मुलगा मला पुन्हा आठवला तो २०२१ मध्ये. जूनच्या अखेरीस अबू धाबीत रात्री राहत्या इमारतींवर छापे घालून शेकडो आफ्रिकी कामगारांना उचललं आणि नंतर देशाबाहेर धाडलं. कागदपत्रं रीतसर असलेलेही त्यांत होते, असं ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने पुढे मांडलं. कारवाई मानवी तस्करी आणि वेश्याव्यवसायाविरुद्ध होती, असं सरकारचं म्हणणं. मी तेव्हा त्या मुलाचं नाव आठवायचा खूप प्रयत्न केला, पण आम्ही त्याला ते विचारलंच नव्हतं.

आप्पा गेले ते २०११च्या मे महिन्यात, पहाटे, बसच्या वेळेआधी. वरच्या पलंगावरच्या बिहारच्या मुलाने त्यांना उठवायला हाक मारली. हृदयविकार, असं कागदावर आलं. त्या सकाळीही मी फाटकाबाहेर उभी होते. पोलीस आत गेले, रुग्णवाहिका आत गेली, कंपनीचा माणूस आत गेला. मला सांगितलं, थांबा. आप्पांच्या अंथरुणाशी मी त्या दिवशीही पोचले नाही. पुढचं सगळं कागदांचं काम होतं. पोलिसांचा दाखला, मृत्यूचा दाखला, वकिलातीची मंजुरी, व्हिसा रद्द केल्याचा शिक्का. माणूस मेला तरी त्याचा व्हिसा रद्द करून घ्यावा लागतो, आणि तो कंपनीनेच करायचा असतो. देहात औषधं भरून तो प्रवासाला तयार करायचं केंद्र सोनापूरमध्येच आहे, कॅम्पांच्या त्याच भागात. त्या वेळी विमानात शवपेटीचं भाडं वजनावर लागायचं. आप्पा वाळकुडे होते, तरी पेटीसकट त्यांना काट्यावर ठेवलं आणि एका माणसाने आकडा मोठ्याने वाचला. २०१९ मध्ये एअर इंडियाने भारतात न्यायच्या मृतदेहांसाठी सरसकट दीड हजार दिरहम दर केला. ती बातमी वाचून मी नवऱ्याला फोन केला होता, आणि फोनवर मला बोलता आलं नव्हतं.

वरळीला बीडीडीच्या मैदानात माणसं जमली. बौद्ध पद्धतीने सगळं झालं. पॅसेजमध्ये अंथरलेल्या सतरंज्यांवर दूरदूरच्या चाळींतली माणसं येऊन बसली, त्यांत आप्पांबरोबर साच्यांवर काम केलेले दोघं होते, एकाला दिसत नव्हतं, त्याने माझ्या हातावरून हात फिरवून विचारलं, तुझा बाप तिकडे कुठे राहायचा गं? मी म्हटलं, सतव्यात. सोनापूरचं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही.

कंपनीने हिशेब करून दिला त्यात अडकलेले दोन पगार नव्हते. त्यासाठी मी पुष्कळ फिरले. त्यातला एक मिळाला. सामान म्हणून एक ट्रंक मिळाली. तिच्यात आईची जुनी पत्रं रबरबँडने बांधलेली, आणि सतव्यातून गुंडाळून आणलेली पडद्याची दोरी. कॅम्पात पलंगाला पडदा लावायला बंदी होती, म्हणून ती तशीच राहिली होती.

आता बीडीडीही जातेय. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, तेही मालकीचं. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. आमची इमारत अजून रांगेत आहे. आईला ते घर हवंय आणि ते मिळायलाच पाहिजे. शंभर वर्षं ज्या पॅसेजमध्ये माणसांनी काढली तिथे राहण्याची हौस बाहेरून बघणाऱ्यांना असते, आम्हाला नाही. पण सरकारने निदान त्या खोलीवर आमचा हक्क मानला. सतव्यात आप्पा चाळीतल्या खोलीइतकीच वर्षं राहिले, आणि तिथून उठताना त्यांच्या हातात दाखवायला भाड्याची एक पावतीही नव्हती.

आम्ही आता अल नहदाला राहतो. २०२५च्या जूनमध्ये दुबई महापालिकेने पुन्हा बेकायदा पार्टिशनांवर कारवाई काढली. अल रिग्गा, मुरक्काबात, बर्शा, रफा, आणि सतवा. माझ्या चुलतभावाचा मुलगा सतव्यातच एका फ्लॅटमध्ये प्लायवूडच्या कप्प्यात राहायचा, एका कॅफेत काम करतो. त्याचा रात्री फोन आला, आत्या, सामान काढायला सांगितलंय. त्याला घरी आणलं. त्याने हॉलमध्ये गादी टाकली, आणि पोरांना त्रास नको म्हणून रोज आमच्या आधी उठून ती घडी करून ठेवायचा. मी म्हटलं, राहा इथेच. त्याला ते बरं वाटत नव्हतं, आणि माझ्या इमारतीच्या पहारेकऱ्याने दोनदा विचारलंही होतं की हा मुलगा कोण. मी त्याच्यासाठी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. शेवटी त्यानेच अजमानला जागा शोधली. कामावर यायला दोन बसगाड्या, एका बाजूला दीड तास.

“भाडं किती?” मी विचारलं.

“पाचशे. वरचा बेड आहे, आत्या. खालच्याला साडेपाचशे सांगतात.”